दगड कुणाचा?

दोस्तहो, चौकातला पुतळा मुका नसतो. अमेरिकेत गुलामगिरीच्या बाजूने लढलेला सेनापती ली १८६५ साली यादवी युद्ध हरला. तरी १८९० साली रिचमंड शहरात त्याला घोड्यावर बसवला. कशाला? काळ्यांनी रोज मान वर करून मालक बघावा म्हणून! तो उतरला २०२१ साली.

आपल्याकडे कोरेगाव भीमाचा खांब. लढाई १ जानेवारी १८१८ ची. खांब कंपनी सरकारने स्वतःच्या विजयाचा बांधला. पण त्यावर २२ महार शिपायांची नावं. १९२७ साली बाबासाहेब तिथं गेले आणि गोऱ्यांचा दगड आपला झाला. दगडाला अर्थ माणसं देतात.

मग वरळीचं काय? जानेवारी १९७४ ला बीडीडी चाळी पेटल्या. १० जानेवारीला परळला मोर्चावर वरून दगड पडला, भागवत जाधव गेला. आता चाळी पाडून टॉवर होताहेत. वरच्या मजल्यावरच्या पोराला हे नाव कोण सांगणार? सरकार? बिल्डर? चाळीतल्या म्हाताऱ्यांना आजच गाठा, विचारा, लिहून घ्या. स्मारक नंतर. आधी नाव.

जय भीम!