गुणपत्रिकेच्या पुढचा प्रश्न

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत एक मथळा ठरलेला असतो : 'यंदाही मुलींचीच बाजी'. २०२४ साली राज्यातील ९७.२१ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या व ९४.५६ टक्के मुलगे. २०२५ साली हेच आकडे ९६.१४ आणि ९२.३१ असे होते. बारावीचे चित्र निराळे नाही. मथळा छापला जातो, पेढे वाटले जातात, आणि त्या मुलींचे पुढे काय झाले हे विचारायला कोणी फिरकत नाही.

नागोठण्यासारख्या गावात तरी हे विचारणे अवघड नसावे. अंबा नदीकाठच्या या गावाजवळ, सार्वजनिक क्षेत्रातील आयपीसीएलने उभारलेले आणि २००२ साली खासगी हातांत गेलेले भलेमोठे पेट्रोरसायन संकुल आहे. गावात कोकण एज्युकेशन सोसायटीचे विज्ञान महाविद्यालय आहे. मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेला गेले की लोणेऱ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ लागते. शाळा, महाविद्यालय, विद्यापीठ आणि कारखाना असे सारे एकाच रस्त्याला असताना, गुणपत्रिकेत पुढे असलेली मुलगी कारखान्याच्या फाटकापर्यंत पोचता पोचता मागे का पडते?

याचे एक सोयीचे उत्तर शंभराहून अधिक वर्षे दिले जात आले आहे : मुलींच्या बुद्धीचा कलच वेगळा, त्याला समाज काय करणार! या उत्तराला प्रत्येक पिढीत शास्त्राचा नवा अंगरखा चढवण्यात आला. १८७३ साली बॉस्टनच्या एडवर्ड क्लार्क नावाच्या डॉक्टरने पुस्तक लिहून सांगितले की, मुलग्यांसारखा अभ्यास केल्याने मुलींच्या प्रजननक्षमतेला अपाय होतो. कोणी मेंदूची वजने करीत बसले. आपल्याकडे १८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले, तेव्हा तेथील इंग्रजी वळणाच्या अभ्यासक्रमाविरुद्ध झोड उठवणाऱ्यांत लोकमान्य टिळक अग्रभागी होते, हे राष्ट्रीय चळवळीबद्दल आदर बाळगूनही सांगितले पाहिजे. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून या तुलनेची तराजूच कोणाच्या हातात आहे, असा सवाल केला होता. तिचे उत्तर मिळायला फार काळ जावा लागला. अण्णासाहेब कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले. त्यांच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु स्त्रीचे कार्यक्षेत्र वेगळे म्हणून तिचे शिक्षणही वेगळे, हा विचार त्या विद्यापीठाच्या पायाशी होता.

कमला सोहोनी यांची हकीकत पुष्कळांना ठाऊक असेल. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला, आणि नाकारणारे होते सी. व्ही. रामन! दुर्गा भागवतांची ही बहीण हटून बसली; एक वर्ष चाचणी म्हणून राहण्याची अट मान्य करून तिने प्रवेश मिळवला आणि पुढे केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. नोबेल पारितोषिक मिळवलेला भौतिकशास्त्रज्ञही मानसशास्त्राच्या बाबतीत गावातल्या पंचाइतकाच पूर्वग्रहदूषित असू शकतो, एवढे यावरून लक्षात घ्यावे.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाला धोरणात्मक उत्तर देण्याचे श्रेय हंसा मेहता समितीला आहे. मुलगे व मुली यांच्या अभ्यासक्रमांत फरक असावा काय, हे तपासण्यासाठी ही समिती नेमण्यात आली होती. तथाकथित मानसिक भेद हे लिंगातून नव्हे तर सामाजिक संस्कारांतून येतात, आणि समाजवादी धर्तीच्या लोकशाहीत अभ्यासक्रम वेगळे ठेवण्याचे कारण नाही, असा तिचा निष्कर्ष होता. कोठारी आयोगाने (१९६४-६६) तो उचलून धरला आणि पहिली दहा वर्षे गणित व विज्ञान सर्वांना आवश्यक करावे असे सुचवले. महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधाची पहिली दहावीची परीक्षा मार्च १९७५ मध्ये झाली. बीजगणित-भूमिती मुलींना झेपायचे नाही अशी भाकिते तेव्हा घरोघरी ऐकू येत. आज जे निकाल लागतात ते त्याच मुलींच्या लेकी-नातींचे आहेत. प्रयोगशाळेत हजार-पाचशे मुलांवर केलेल्या चाचणीपेक्षा हा प्रयोग मोठा होता; दुर्दैवाने त्याला प्रयोग म्हणून कोणी मोजत नाही.

मग मानसशास्त्राचे संशोधन काय सांगते? एलिनॉर मॅकोबी व कॅरोल जॅकलिन यांनी १९७४ साली तोवरचे सारे अभ्यास चाळून दाखवले की, स्त्रीपुरुषभेदाबद्दलच्या बहुतेक समजुतींना पुरावा नाही. भाषा, अवकाशाची जाण, गणित आणि आक्रमकता एवढ्याच बाबतींत त्यांना काही फरक टिकलेला दिसला. १९८० साली बेन्बो आणि स्टॅन्ली या अमेरिकन संशोधकांनी गणितात असामान्य गती असलेल्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली, आणि मुलग्यांची गणिती बुद्धी जन्मजातच श्रेष्ठ असल्याची हाकाटी तेथील वृत्तपत्रांनी केली. त्या वेळी सर्वोच्च गुणांच्या पट्टीत एका मुलीमागे तेरा मुलगे होते. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत हे प्रमाण सुमारे चारावर उतरले. निसर्ग इतक्या घाईने बदलत नसतो. बदलले होते ते अमेरिकन मुलींचे शाळेतील विषय आणि त्यांच्याकडून होणारी अपेक्षा. आपल्याच देशात आयआयटीतील मुलींचे प्रमाण २०१६ साली आठ टक्क्यांच्या आसपास होते. २०१८ पासून त्यांच्यासाठी वाढीव जागा निर्माण केल्यावर २०२० साली ते वीस टक्क्यांवर गेले.

मात्र येथे एक पथ्य पाळणे जरूर आहे. ते प्रमाण चारावर आले, एकावर आलेले नाही. आकृती मनातल्या मनात फिरवण्याच्या चाचणीत मुलगे सरासरीने पुढे असल्याचे वारंवार आढळले आहे, आणि वाचनात मुली बहुतेक देशांत पुढे आहेत. 'मुलींना गणित जमत नाही' हे नुसते आठवले तरी मुलींचे गुण घसरतात, असे १९९९ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसले होते. पुरोगामी वर्तुळांत त्याचा फार गाजावाजा झाला. २०१८ साली नेदरलँड्समध्ये दोन हजारांवर विद्यार्थ्यांवर तो ताडून पाहिला असता परिणाम आढळला नाही. आपल्याला हवा तो निष्कर्ष देणारे संशोधन कच्चे असेल तर तेही तितक्याच कठोरपणे बाजूला ठेवले पाहिजे. समतेचा दावा सरासरी गुणांवर उभा नाही. तसा तो उभा केला, तर उद्या एखाद्या चाचणीत फरक दिसताच तो कोसळेल.

या दृष्टीने मेघालयातील एक अभ्यास विशेष मोलाचा आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत शेजारशेजारच्या खासी व कार्बी गावांतील सुमारे तेराशे लोकांना एक साधे कोडे जुळवायला दिले होते. कार्बींत जमीन मुलग्यांकडे जाते. तेथे पुरुषांनी कोडे स्त्रियांपेक्षा लवकर सोडवले. खासींत मालमत्ता धाकट्या मुलीकडे जाते. तेथे हा फरक दिसलाच नाही. दोन्ही जमातींची राहणी बरीचशी सारखी, पण मालकीची रीत वेगळी. मालमत्तेचे संबंध माणसाच्या जाणिवेपर्यंत कसे पोचतात, हे पुस्तकांतून शिकलेल्या कार्यकर्त्याने हे उदाहरण जवळ ठेवण्यासारखे आहे.

नागोठण्याच्या मुलीकडे परत यायचे तर तिचा 'कल' कोठे घडतो ते पाहावे लागेल. पेट्रोरसायनाचा कारखाना अहोरात्र, पाळ्यांनी चालतो. १९४८ च्या कारखाने कायद्यातील कलम ६६ प्रमाणे स्त्रियांना सायंकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत कामावर ठेवण्यास मनाई होती. राज्याला वेळ थोडी मागेपुढे करता येई, पण रात्री १० ते पहाटे ५ ही वेळ कायम निषिद्ध होती. म्हणजे हे संकुल उभे राहिले तेव्हा कायद्यानेच मुलींना पाळीतील कामाबाहेर ठेवले होते. अशा परिस्थितीत ज्या बापाने मुलीला रासायनिक शाखेऐवजी दुसरीकडे घातले, त्याने मूर्खपणा केला नाही. त्याने पैशाचा हिशेब केला. ती मनाई आता संमती व सुरक्षिततेच्या अटींवर उठली आहे. परंतु हिशेब एका पिढीत रूढी बनतो आणि रूढीला पुढे निसर्ग म्हटले जाते.

घरातला हिशेबही आहे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, ते करणाऱ्या पुरुषांची ८८. बारावीच्या वर्षात पाणी, स्वयंपाक आणि धाकटी भावंडे सांभाळून मुलगी पुढे राहते, हेच खरे तर मानसशास्त्रज्ञांनी अभ्यासावे असे कोडे आहे! मुलग्यांच्या मागे पडण्यालाही निसर्ग कारण नाही. सोळाव्या-सतराव्या वर्षी कंत्राटदाराकडची रोजंदारी डोळ्यांसमोर दिसत असताना पुस्तकाला चिकटून राहणे कठीण असते, आणि ती मजुरी त्याला आयुष्यभर अकुशल ठेवते.

२०२४ साली राज्य शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल व मागास घटकांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. निर्णय स्वागतार्ह आहे. पण फी हा खर्चाचा एक भाग झाला. लोणेऱ्याला किंवा पनवेलला रोज जाणारी एसटी संध्याकाळी कितीला परत येते, वसतिगृहात जागा आहे की नाही, यावर मुलीचे शिक्षण चालू राहणार की नाही हे ठरते.

आणि एक गोष्ट स्वतःच्या घरातली. प्रकल्पग्रस्तांच्या लढ्यांत 'प्रत्येक कुटुंबातील एकाला नोकरी' ही मागणी कोकणात सर्वत्र केली गेली. तो 'एक' म्हणजे मुलगाच, हे बहुतेक वेळा कोणी न सांगताच धरले गेले. घोषणा देणाऱ्यांत स्त्रिया आघाडीवर होत्या. नाव देताना मात्र मुलाचे दिले गेले. मागणीपत्रात एका ओळीने हे बदलता आले असते.

ते अजूनही बदलता येईल. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली संकुलात व त्याच्या कंत्राटदारांकडे किती जागा भरल्या, त्यांत किती मुली आहेत, त्या कोणत्या कामावर आहेत, ही माहिती नागोठणे-रोहे-पेण पट्ट्यातील कार्यकर्त्यांनी पुढचा निकाल लागण्यापूर्वी लेखी मागावी, आणि प्रकल्पग्रस्तांच्या पुढील प्रत्येक मागणीपत्रात वारसाच्या जागी 'मुलगा अथवा मुलगी' असे शब्द घालून घ्यावेत.