रिजेक्शनचा दंड मोल्डरला कशासाठी?

फौंड्रीतील वाढत्या रिजेक्शनला कामगारांची बेफिकिरी जबाबदार आहे, असे सांगणारे पत्र मागील अंकात वाचले. शिरोली एमआयडीसीत क्वालिटीचे काम करताना मला याच्या उलट दिसते.

कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे पोकळ्या, पडल्या की पहिली बोलणी वाळूचा साचा बनवणाऱ्या मोल्डरला बसतात. पण मिक्सरमधून आलेली वाळू जास्त ओली असेल, तर धातूचा तापलेला रस ओतताच पाण्याची वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती नगातच अडकते. ती वाळू नाकारायचा अधिकार मोल्डरला कुठे असतो? एका कारखान्यात वाळूचा ओलावा तपासायचे उपकरण बंद पडले होते आणि दंड मात्र मोल्डरच्या पगारातून कापला जात होता. याची मला आजही चीड येते.

1950 साली जपानी उद्योजकांना गुणवत्तेचे धडे देणाऱ्या डेमिंग यांचे म्हणणे स्पष्ट होते: बहुतेक दोष व्यवस्थेतले असतात आणि ती सुधारणे हे व्यवस्थापनाचे काम आहे. कामाच्या जागेवरून भीती घालवा, हे तर त्यांच्या चौदा सूत्रांपैकी एक. भीती असली की खराब नग लपवले जातात आणि ते थेट ग्राहकाकडे पोचतात.

म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांनी उभ्या केलेल्या या उद्योगात कारागिराचे ऐकून घ्यायला कमीपणा कसला? दंड बंद करा, आणि वाळू खराब दिसली तर काम थांबवायचा अधिकार मोल्डरला द्या.

– एक वाचक, कोल्हापूर