हाफ डे टाका!

पोटभर पाणी पिऊन सोनोग्राफीच्या बाकावर बसलेली बाई. हातातलं टोकन सतरा, आत नववं गेलंय. लघवी दाबून धरायची आणि त्यातच साहेबांना व्हॉट्सॲप करायचं, 'सर, थोडा उशीर होईल.' उत्तर तीन शब्दांत येतं, 'हाफ डे टाका.'

असे हाफ डे नऊ महिन्यांत किती पडतात ते मोजा. जागतिक आरोग्य संघटना 2016 पासून बाळंतपणाआधी निदान आठ तपासण्या व्हाव्यात असं सांगते. आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. 9 तारीख रविवारी आली तर ती दुसऱ्या कामाच्या दिवशी ढकलतात. सुट्टी कुणाची बुडू नये ते ठीक, पण हजेरी बुडते ती तिची!

1961चा प्रसूती लाभ कायदा 2017 मध्ये सुधारला, बारा आठवड्यांची रजा सव्वीसवर गेली. त्यातली बाळंतपणाआधी जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येते. गरोदरपणातून आजार उद्भवला तर वर एक महिना. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत अंगावर पाजायला कामाच्या वेळेत दोनदा सुटीही आहे. म्हणजे कायद्याला तासाचा हिशेब कळतो. फक्त चौथ्या महिन्यात, धडधाकट असताना, दुपारी दोन तास दवाखान्यात जायचं तर त्याला नाव नाही. आजारी पडा, मग बघू.

बापाचं तर विचारूच नका. केंद्र सरकारी नोकराला पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे, खासगी नोकरीत कायद्याने एक दिवसही नाही. माझ्या मुलीच्या पहिल्या पेंटा लसीला मी 'गावी काम आहे' अशी थाप मारून गेलो होतो. खरं सांगणाऱ्या एका सहकाऱ्याला त्याआधीच 'मग आई कशाला आहे?' हे चारचौघांत ऐकवून झालं होतं. टाक्यांनी उठता-बसता न येणारी ती आई रडणारं पोर, पिशवी आणि लसीचं कार्ड एका हाताने कशी सांभाळणार, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यात, बूस्टर सोळाव्यानंतर. तोवर सव्वीस आठवडे केव्हाच सरलेले असतात. पुन्हा हाफ डे, पुन्हा थाप.

ब्रिटनमध्ये 1996च्या कायद्याने गरोदर नोकरदार बाईला तपासणीसाठी भरपगारी वेळ मिळतो. 2014 पासून जोडीदारालाही दोनदा सोबत जाता येतं, प्रत्येक वेळी साडेसहा तासांपर्यंत. बिनपगारी का होईना, पण खोटं न बोलता.

एचआरच्या मंडळींनो, यासाठी दिल्लीची वाट बघायची गरज नाही. तुमच्या रजेच्या नियमांत एकच ओळ घाला: गरोदरपणाच्या प्रत्येक तपासणीला आणि बाळाच्या प्रत्येक लसीला चार तास, भरपगारी, आई असो वा बाप. पुरावा म्हणून कार्डावरची तारीख पुरे.