काळ्या मातीला वाळू नको, पालापाचोळा हवा

विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आसपास अनेक घरांमागे भाजीचे दोन-चार वाफे निघतील एवढी जागा असते. तिथे वांगी-टोमॅटो लावायचे ठरले की सल्ला मिळतो तो एकच: ही माती चिकट आहे, तिच्यात वाळू मिसळा, नाहीतर ती उपसून लाल माती भरा. या सल्ल्याने पैसा जातो, नदीची वाळू जाते आणि माती होती तशीच राहते. आपल्या काळ्या मातीला सेंद्रिय पदार्थ, उंच वाफा आणि योग्य वेळी केलेली मशागत एवढेच लागते, आणि हे सगळे नांदेड-लातूरकडे मुबलक मिळण्यासारखे आहे.

दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन ही माती तयार झाली. भारी काळ्या जमिनीत चिकणमातीचे बारीक कणच निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतात. त्यातले माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी पिऊन फुगते आणि वाळले की आक्रसते, म्हणून पावसाळ्यात चिखल पायाला सोडत नाही आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पण ही माती गरीब मुळीच नाही. मराठवाड्यातली रब्बी ज्वारी पाऊस थांबल्यावर हिच्याच पोटातल्या ओलीवर पिकत आली आहे. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश ती घट्ट धरून ठेवते. तिच्यात कमी असते ती हवा. कणांमधली छिद्रे इतकी बारीक की पाणी हटत नाही, मुळे गुदमरतात आणि भरपूर ओल असूनही मिरचीचे रोप माना टाकते.

आता वाळूचा हिशेब करू. दहा फूट लांब, दहा फूट रुंद वाफ्यात एक फूट खोलीपर्यंत शंभर घनफूट, म्हणजे एक ब्रास माती असते. तिच्यात ६० टक्के चिकण असेल आणि ते ३० टक्क्यांवर आणायचे असेल, तर जवळजवळ तेवढीच, म्हणजे आणखी एक ब्रास वाळू लागेल. एका लहानशा वाफ्यासाठी चार टनांहून जास्त! प्रत्यक्षात लोक टाकतात ती दहा-वीस घमेली. तेवढ्याने वाळूचे कण चिकणात रुतून बसतात, हवेच्या वाटा मोकळ्या होत नाहीत, आणि उन्हात तोच थर आणखी कडक होतो. लाल माती कुंडीत चांगली. पण काळ्या जमिनीत खड्डा करून ती भरली तर तो हौदच होतो: आजूबाजूचे पाणी त्यात उतरते आणि बाहेर जायला वाट नसते.

सेंद्रिय पदार्थाचे काम वेगळे आहे. तो कुजताना बुरशीचे धागे, जिवाणूंचे चिकट स्राव आणि गांडुळांची विष्ठा चिकणाचे कण एकत्र बांधून त्यांचे रवे करतात. रव्यांच्या मधल्या फटींतून पाणी खाली जाते, हवा आत येते. त्याच वाफ्यावर दोन इंच थर द्यायला सुमारे सतरा घनफूट खत पुरते. शेणखत पूर्ण कुजलेलेच हवे, कच्च्यातून हुमणी येते. सोयाबीनचे भूसकट, हरभऱ्याचे कुटार, साखर कारखान्यातली कुजवलेली मळी, कडुलिंबाचा पाला हे सगळे चालते. तुराट्या मात्र तशाच मातीत पुरू नयेत. त्या कुजवताना जिवाणू नत्र ओढून घेतात आणि रोपे पिवळी पडतात.

यावर एक आक्षेप अगदी रास्त आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, सेंद्रिय पदार्थ भराभर जळून जातो, मग दरवर्षी किती घालायचे? दरवर्षी घालावेच लागते, हे मान्य केले पाहिजे. पण उघडी जमीन जितकी तापते तितकी पाचटाच्या आच्छादनाखालची तापत नाही, आणि टाकलेले खत जास्त टिकते. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या ‘इक्रिसॅट’ संस्थेत काळ्या जमिनीवर १९७६ पासून चाललेल्या प्रयोगात रुंद वरंबे करून पावसाळ्यातही पीक घेतलेल्या रानाचे उत्पन्न जुन्या पद्धतीच्या कित्येक पट निघाले आणि जमिनीतला सेंद्रिय कर्बही वाढला. त्यात सुधारित बियाणे आणि खतांचाही वाटा होता, तरी वरंब्यामुळे जादा पाणी निघून जाते हे परसातही तितकेच खरे आहे. म्हणून वाफा सहा ते आठ इंच उंच असावा, आणि त्याच्यावर पाय पडू देऊ नये.

मशागतीची वेळ तर खतापेक्षाही महत्त्वाची. ओल्या मातीत कुदळ घातली की रवे मोडतात आणि दगडासारखी ढेकळे उरतात. मूठभर माती दाबून केलेला गोळा बोटाने टोचल्यावर भुरभुरला की वाफसा आला समजावे. काळ्या जमिनीत ही संधी मोजक्याच दिवसांची असते.

जिप्समचा आग्रह धरणाऱ्यांनी आधी माती तपासावी. चोपण जमिनीत ते गुणकारी आहे, पण जिथे चुनखडीचे खडे आधीच दिसतात तिथे निव्वळ चिकटपणा घालवण्यासाठी आणखी कॅल्शियम टाकून काय साधणार? अशा मातीत कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर बहुधा चुन्यामुळे लोह मुळांना मिळत नसते.

राहिला शेणखताच्या खर्चाचा प्रश्न. गोठे कमी झाले, शेणखत महागले, हे खरेच. पण शहरात झाडलेला पाला पेटवला जातो आणि ओला कचरा प्लॅस्टिकसह ढिगात जातो. नांदेड-वाघाळा महापालिकेने आणि लगतच्या ग्रामपंचायतींनी ओला कचरा घरातूनच वेगळा घ्यावा, त्याचे खत कुजवून, चाळून, काच-प्लॅस्टिक काढून, तपासणीचा अहवाल लावून मृगाच्या आधी वसाहतींत माफक दरात विकावे, आणि पाला जाळण्याला खरोखर दंड करावा.