मतदारयादीत नाव आहे, हजेरीपटावर नाही

इचलकरंजीला आपण कौतुकाने 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' म्हणतो. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग लावला, त्याचा अभिमान रास्तच आहे. पण ज्या मँचेस्टरच्या कापडाने हिंदुस्थानातला विणकर देशोधडीला लावला, त्याचेच नाव आपण स्वातंत्र्यानंतरही बिरुदासारखे मिरवतो.

त्या मँचेस्टरमध्ये 16 ऑगस्ट 1819 रोजी मताधिकार मागायला जमलेल्या कष्टकऱ्यांवर घोडदळ घातले गेले होते. तिथे आधी गिरणी आली, मत फार उशिरा. आपल्या संविधानाने मात्र गरिबातल्या गरिबाला पहिल्याच निवडणुकीत मत दिले. मग यंत्रमाग कामगाराचा हक्क कुठे अडला?

1948 च्या कारखाने कायद्याने विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी किमान 10 कामगारांची अट घातली, 1952 च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याने 20 ची. इथले माग लहान लहान शेडमध्ये विखुरलेले. त्यामुळे मीटरवर मजुरी, 12 तासांची पाळी, आणि बहुतेकांच्या हाती नोकरीचा कागदच नाही. शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात आमची मुले फक्त 'मजुरी' लिहितात.

निवडणुकीत आपल्याला मुसलमान, मराठा, लिंगायत, परप्रांतीय असे वेगवेगळे मोजतात. मागावर सगळ्यांचा मीटर एकच असतो. म्हणून मोहल्ल्यात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, तो आपल्या जमातीचा असला तरी, एवढेच विचारा: आमचे नाव हजेरीपटावर कधी येणार?