राजा गेला, फर्मान राहिलं!

गेल्या वर्षी १८ ऑक्टोबरला, म्हणजे २०२५ मध्ये, अमेरिकेतल्या मोर्चांचे व्हिडीओ तुमच्याही फीडवर आले असतील. रस्ते माणसांनी भरलेले, कुणी चक्क फुगवलेल्या बेडकाच्या वेशात, आणि फलकांवर दोनच शब्द : 'नो किंग्ज'. त्याआधी १४ जूनलाही हेच दृश्य होतं. डोनाल्ड ट्रम्प यांचं उत्तर साधं होतं, 'मी राजा नाही.'

तसं बघितलं तर बरोबरच आहे. ते दोनदा निवडून आलेत. ज्या देशाने १७७६ मध्येच राजाला रामराम ठोकला, तिथे आता 'राजा नको' म्हणायची वेळ का यावी? उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागेल, आणि तेही अमेरिकेत नाही तर इंग्लंडमध्ये.

देवाला उत्तर देईन, तुम्हाला नाही

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या गादीवर पहिला जेम्स होता. राजाला सत्ता थेट देवाकडून मिळते, हा त्याचा ठाम सिद्धांत. याला म्हणतात राजाचा दैवी अधिकार. गंमत म्हणजे 'मी मनाला येईल ते करणार' असं जेम्स म्हणत नव्हता. चांगला राजा कायदा पाळतोच, हे त्याला मान्य होतं. पण पाळायचा तो स्वतःच्या मर्जीने. नाही पाळला तर जाब विचारणार फक्त देव! न्यायाधीश नाही, संसद नाही आणि प्रजा तर नाहीच.

१६०७ मध्ये जेम्सला वाटलं, न्यायाधीश जर माझ्याच नावाने न्याय देतात, तर खटल्यांचा निकाल मी स्वतः का देऊ नये? सरन्यायाधीश एडवर्ड कोक याने नकार दिला. त्याचं म्हणणं असं की, राजा हुशार आहे, पण कायदा नुसत्या हुशारीने कळत नाही. त्याला अनेक वर्षांचा अभ्यास लागतो. आणि राजा कुठल्या माणसाच्या हाताखाली नसला, तरी देवाच्या आणि कायद्याच्या खाली आहेच. हे कोकने स्वतः लिहून ठेवलं आहे. त्या दिवसाचं दुसरं एक वर्णन मात्र सांगतं की, राजा भडकल्यावर कोकने गुडघे टेकून माफी मागितली. दोन्ही खरं असू शकतं. घाबरलेला माणूसही बरोबर बोलू शकतो.

तीन वर्षांनी प्रश्न आला फर्मानांचा. नुसतं फर्मान काढून राजा नवा गुन्हा तयार करू शकतो का? कोक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सांगितलं, नाही. कायदा राजाला जेवढा अधिकार देतो, तेवढाच त्याचा. १६१६ मध्ये कोकची नोकरी गेली.

कोर्टाचा अधिकार कुणाचा?

जेम्सचा मुलगा पहिला चार्ल्स याने तोच हट्ट पुढे नेला. संसदेशी यादवी युद्ध झालं, तो हरला आणि जानेवारी १६४९ मध्ये त्याच्यावर खटला चालला. चार्ल्सने एकच प्रश्न लावून धरला : माझा न्याय करण्याचा अधिकार तुम्हाला दिला कुणी? प्रश्न चोख होता. कारण सैन्याने विरोधातल्या खासदारांना आधीच संसदेबाहेर काढलं होतं आणि उरलेल्यांनी हे कोर्ट बसवलं होतं. ३० जानेवारीला राजाचं शिर उडवलं गेलं. पण अकरा वर्षांत राजेशाही परत आली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. 'कायदा सगळ्यात वर' असं राजाही म्हणतो आणि तलवार घेतलेला सेनापतीही. खरं भांडण असतं ते 'निकाल कोण देणार' यावर. देव, सैन्य, नेता स्वतः, की त्याच्या धाकात नसलेलं न्यायालय?

हा फक्त इतिहास नाही. २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांनी ब्रेक्झिटच्या ऐन तोंडावर ब्रिटिश संसद पाच आठवड्यांसाठी स्थगित करायचा सल्ला राणीला दिला. २४ सप्टेंबरला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयातल्या ११ न्यायाधीशांनी एकमताने ती स्थगिती बेकायदा ठरवली. निकालात आधार कशाचा? कोकच्या त्याच फर्मानांच्या प्रकरणाचा!

आता अमेरिका

१ जुलै २०२४ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ असा निकाल दिला. संविधानाने राष्ट्राध्यक्षाला दिलेले खास अधिकार वापरताना त्याने जे केलं, त्यासाठी पद सोडल्यावरही फौजदारी खटला चालणार नाही. इतर सरकारी कामांनाही प्रथमदर्शनी संरक्षण. खासगी कृत्यांना मात्र नाही. बहुमताचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. प्रत्येक नवा अध्यक्ष जुन्याला तुरुंगात टाकायला निघाला, तर कुणीच धाडसाने निर्णय घेणार नाही. पण न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी विरोधी मतात स्पष्ट लिहिलं की, सरकारी सत्ता वापरताना अध्यक्ष आता कायद्याच्या वरचा राजा झाला आहे.

आपल्याकडेही कलम ३६१ आहेच की, असं कुणी म्हणेल. बरोबर. पण राष्ट्रपती आणि राज्यपालांना फौजदारी खटल्यापासून मिळणारं ते कवच पदावर असेपर्यंतच आहे, आणि प्रत्यक्ष कारभार हाकणाऱ्या पंतप्रधान-मुख्यमंत्र्यांना ते नाही. पद सांभाळणं वेगळं आणि माणसाला जन्मभराचा पास देणं वेगळं.

त्यात २० जानेवारी २०२५ च्या शपथविधीच्या भाषणात ट्रम्प म्हणाले की, अमेरिकेला पुन्हा महान करण्यासाठी देवाने मला वाचवलं. पुढच्याच महिन्यात त्यांनी पोस्ट टाकली की, देश वाचवणारा कुठलाही कायदा मोडत नसतो. जीवघेण्या हल्ल्यातून वाचलेल्या माणसाने देवाचे आभार मानले तर त्यात काहीच वावगं नाही. पण 'देवाने निवडलं' आणि 'कायदा लागू नाही' ही दोन वाक्यं शेजारी ठेवली, की जेम्सची आठवण येतेच.

आपला काय संबंध?

आहे, आणि थेट आहे. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेत शिकणाऱ्या हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी सरकारने अचानक रद्द केल्या. त्यात भारतीय मुलंही होती. अनेकांना ना नोटीस, ना बाजू मांडायची संधी. विद्यार्थी कोर्टात गेले, एकामागून एक न्यायाधीशांनी तात्पुरती स्थगिती दिली आणि २५ एप्रिलला सरकारने नोंदी पूर्ववत करायचं कबूल केलं. सप्टेंबरमध्ये नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क आलं, तेही संसदेत कायदा होऊन नाही, तर अध्यक्षांच्या फर्मानाने. त्यालाही कोर्टात आव्हान दिलं गेलं. पुण्यात बसून जीआरईची तयारी करणाऱ्या मुलीच्या घरचं कर्जाचं गणित अशा एका सहीवर अवलंबून असतं.

म्हणून 'नो किंग्ज' हा फक्त ट्रम्पविरोधी नारा म्हणून सोडून देऊ नका. नेता निवडून आलेला आहे का, हा पहिला प्रश्न झाला. दुसरा प्रश्न : त्याने चूक केली तर त्याला 'थांब' म्हणायचा अधिकार कुणाला आहे, आणि तसं म्हणणाऱ्याचं पुढे काय होतं? आपल्या आवडत्या नेत्यालाही हा प्रश्न लावून बघा. तिथेच खरी परीक्षा आहे.

आणि हो, नोकरी गेलेल्या कोकचं काय झालं? तो गप्प बसला नाही. संसदेत निवडून गेला आणि १६२८ मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर, राजाच्या मनमानी अटकेला आणि करवसुलीला लगाम घालणारा 'पिटिशन ऑफ राइट' घडवण्यात पुढे होता. चार्ल्सला त्याला मान्यता द्यावी लागली.