मत आमदाराचे, हुकूम पक्षाचा

मत विकणाऱ्या लोकप्रतिनिधीला घटनेचे संरक्षण नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ४ मार्च २०२४ रोजी एकमताने स्पष्ट केले. मात्र जो मत विकू इच्छित नाही, केवळ स्वतःच्या विवेकाने देऊ इच्छितो, त्याला संरक्षण कोणते, हा प्रश्न त्या निकालानंतरही अनुत्तरितच आहे.

निकालाची मुळे २८ जुलै १९९३ च्या अविश्वास ठरावात आहेत. नरसिंह राव सरकार तेव्हा २५१ विरुद्ध २६५ अशा फरकाने तरले आणि झारखंड मुक्ती मोर्चासह काही खासदारांनी पैसे घेऊन मते दिल्याचा आरोप झाला. १९९८ मध्ये न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने जो निर्णय दिला, त्याचा अर्थ विचित्र होता. पैसे घेऊन ठरल्याप्रमाणे मत देणारा खासदार खटल्यापासून मुक्त. पैसे घेऊन मत न देणारा मात्र आरोपी. लाचखोरीतही इमानदारीला बक्षीस देण्याचाच हा प्रकार! ही विसंगती दूर होण्यास सव्वीस वर्षे लागली आणि निमित्त ठरले २०१२ च्या राज्यसभा निवडणुकीतील सीता सोरेन यांचे प्रकरण. लाच स्वीकारली त्या क्षणीच गुन्हा पूर्ण होतो. मत कोणाला दिले, हा मुद्दा गौण, असे न्यायालयाने सांगितले.

लाचेचा प्रश्न असा निकाली निघाला, पक्षादेशाचा नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानुसार पक्षाचा व्हिप मोडून मत देणारा किंवा गैरहजर राहणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. पंधरा दिवसांत पक्षाने माफ केले तरच त्याची सुटका. हा आदेश सरकारच्या अस्तित्वाशी निगडित ठरावापुरता मर्यादित नाही, साध्या विधेयकालाही तो लागू होतो. ब्रिटनमध्ये मार्च २००३ मध्ये इराक युद्धाच्या प्रश्नावर सत्ताधारी मजूर पक्षाच्या १३९ सदस्यांनी पंतप्रधान ब्लेअर यांच्या विरोधात मत नोंदवले. त्यापायी एकाचीही खासदारकी गेली नाही. आपल्याकडे तसे मत देण्याआधी आमदाराला पुढच्या पोटनिवडणुकीचा हिशेब करावा लागतो.

दुसरीकडे, ज्या पक्षांतरासाठी हा कायदा झाला ते थांबलेले नाही. एकट्याने गेल्यास अपात्रता, दोन-तृतीयांश मिळून गेल्यास 'विलीनीकरण'. गोव्यात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आमदारांनी भाजपची वाट धरली. पुढच्या निवडणुकीपूर्वी, जानेवारी २०२२ मध्ये, पक्षाने उमेदवारांना मंदिर, चर्च आणि दर्ग्यात नेऊन निष्ठेच्या शपथा दिल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये निवडून आलेल्या अकरापैकी आठ जण पुन्हा भाजपमध्ये गेले. देवांच्या साक्षीपेक्षा दोन-तृतीयांशाचे गणित भारी पडले.

महाराष्ट्रात तर पक्षादेश नेमका कोणाचा, हाच वाद झाला. जुलै २०२२ मध्ये शिवसेनेच्या दोन गटांचे दोन प्रतोद एकाच सभागृहात परस्परविरोधी आदेश देत होते. ४ जुलैचा विश्वासदर्शक ठराव शिंदे सरकारने १६४ विरुद्ध ९९ मतांनी जिंकला. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा असल्याचे सांगत भरत गोगावले यांची नियुक्ती बेकायदा ठरवली. १० जानेवारी २०२४ रोजी विधानसभा अध्यक्षांनी शिंदे गट हाच मूळ पक्ष असल्याचे ठरवून गोगावले यांनाच मान्यता दिली आणि दोन्ही गटांतील कोणालाही अपात्र केले नाही. अध्यक्ष हे मुळात सत्तापक्षाचेच सदस्य असताना हा निवाडा त्यांच्याकडे का असावा, ही शंका १९९२ च्या किहोतो होलोहान खटल्यात अल्पमतातील न्यायमूर्तींनी व्यक्त केलीच होती.

आमदाराचे मत खऱ्या अर्थाने मोकळे असते ते विधान परिषदेच्या निवडणुकीत, कारण तेथे मतदान गुप्त असते. राज्यसभेसाठी २००३ पासून ते खुले आहे. परंतु जुलै २०२४ मध्ये परिषदेच्या अकरा जागांसाठी बारा उमेदवार उभे राहिले तेव्हा काँग्रेसची मते फुटली आणि शेकापचे जयंत पाटील पराभूत झाले. त्या फुटीला विवेकाचा कौल म्हणण्याचे धाडस कोणी केले नाही. पक्षनेते त्यामुळेच म्हणतात, दोर सैल सोडला तर घोडेबाजार भरेल. हा युक्तिवाद सहज झटकून टाकता येणार नाही. तथापि दोर कितीही आवळला तरी बाजार भरतोच, हे सुरत आणि गुवाहाटीच्या हॉटेलांनी दाखवून दिले आहे. आवळला जातो तो विधेयकावर शंका घेणारा एकटा सदस्य.

मधला मार्ग जुनाच आहे. विश्वास-अविश्वास ठराव, धनविधेयक आणि राष्ट्रपतींच्या अभिभाषणाचा आभार ठराव एवढ्यापुरतीच अपात्रतेची तरतूद ठेवावी, अशी शिफारस दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच केली होती. याच दिशेचे खासगी विधेयक काँग्रेसचे मनीष तिवारी यांनी २०१० पासून एकाहून अधिक वेळा लोकसभेत मांडले. खासगी सदस्याच्या विधेयकाचा कायदा शेवटचा झाला तो १९७० मध्ये.